बाइंडरने बांधलेलं सीट

"चिकटवण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये," असं बाइंडर शुक्रवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, आणि पुढचं सगळं महाभारत त्या एका वाक्यातून घडलं.

तसा माणूस सोन्यासारखा. देवाचं नाव घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवणार नाही, दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय जाऊ देणार नाही. पण अहंकार फार लबाड असतो मंडळी! राजाकडे तो मुकुट घालून येतो, पंडिताकडे पोथ्यांचा भारा घेऊन येतो. तिथे आपण त्याला लांबूनच ओळखतो. बाइंडरकडे तो गोंदाचा डबा हातात घेऊन आला. त्या बिचाऱ्याने ओळखावं तरी कसं?

आणि अभिमान वाटावा असं त्याचं कामही होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं बाइंडिंगचं दुकान. उभा जन्म खळ, सरस आणि गोंद यांच्यात गेलेला. त्याने बांधलेलं पुस्तक वाळवीने आतून फस्त केलं तरी पुठ्ठा जागचा हलत नसे. मोठमोठ्या वाचनालयांची फाटकी पुस्तकं त्याच्याकडे आजाऱ्यासारखी येत आणि नवरदेवासारखी परत जात.

आता प्रश्न होता मोटारसायकलच्या सीटचा. खरं सांगायचं तर प्रश्न सीटचा नव्हताच, त्या सीटवर न बसणाऱ्या बायकोचा होता.

दर रविवारी दोघं मोटारसायकलवरून बायकोच्या आईकडे जात. आई राहायची नदीपलीकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. घरात नवराबायको बोलत ते पाणी आलं का, गॅस संपला का एवढंच. खरं बोलणं व्हायचं ते या रस्त्यावर. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन आठवडाभराचं साठवलेलं सगळं सांगायची. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची, त्यामुळे कोणाला कसला खोकला झालाय इथपासून कोण कोणाशी बोलत नाही इथपर्यंत सगळ्या बातम्या तिच्याकडे ताज्या असत. निम्मं वाऱ्यावर उडून जायचं. उरलेल्या निम्म्यावर बाइंडरचा पुढचा आठवडा निघायचा.

मग तिच्या धाकट्या भावाने चारचाकी घेतली. त्याच आठवड्यात बायको म्हणाली की मोटारसायकलचं सीट पार बसलंय, पाठ दुखते, मी आपली भावाबरोबर गाडीतून येते. तेव्हापासून दर रविवारी पुढे मेहुण्याची गाडी, त्यात बहीणभाऊ शेजारी शेजारी, आणि मागून मोटारसायकलवर एकटा बाइंडर, मंत्र्याच्या गाडीमागून धावणाऱ्या शिपायासारखा! मेहुण्याने त्याला गाडीत बसायचा आग्रहही केला होता, पण मोटारसायकल उभी राहून बिघडते असं काहीतरी सांगून त्याने तो टाळला. मागच्या काचेतून त्याला बायकोचा अंबाडा तेवढा दिसायचा. तो अंबाडा सारखा हलायचा. म्हणजे ती बोलत असायची. काय बोलत असेल, या विचाराने तो हळहळायचा.

शेवटी त्याने ठरवलं. येत्या रविवारी ती आपल्या मागे बसलीच पाहिजे. सीटमध्ये नवा फोम घालायचा, तोही आपल्या हाताने. बायको म्हणाली की कशाला एवढा खटाटोप, मला गाडीत काही त्रास नाही. आणि करायचंच असेल तर कोपऱ्यावरचा सीटवाला तासाभरात करून देईल. त्यावर बाइंडर ते वाक्य बोलला. वर त्याला असंही वाटलं की बघा ही किती सोशीक, पाठ मोडली तरी मला तोशीस पडू देत नाही.

तो दुकानात गेला. खिळे, रंग, गोंद असलं सगळं मिळणारं ते दुकान एक बाई चालवत. बोलायला फटकळ, आणि त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी विचारलं काय हवंय, आणि बाइंडरने अत्तर मागावं तशा थाटात सगळे गोंद समोर मांडायला सांगितले. एकेकाचा थेंब घेऊन त्याने अंगठा आणि बोटामध्ये चोळला, कानाशी नेऊन बोटं उघडली, मिटली, चिटचिट आवाज ऐकला. बाई गल्ल्यावर कोपर टेकून हे गायन ऐकत राहिल्या.

मग त्यांनीच निवाडा केला. पांढरा गोंद लाकडाला ठीक, फोममध्ये तो वाळून कडक होतो आणि बसलं की करकरतो. थेंबाथेंबाने टाकायचा तो झटपट गोंद फोमला लागला की फोमची खडी होते. फोमला पाहिजे ते डब्यातलं पिवळं रबर सोल्युशन, वाळलं तरी लवचीक राहणारं. इथपर्यंत बाइंडरने मान डोलावली.

"आता नीट ऐका," बाई म्हणाल्या. "दोन्ही बाजूंना पातळ लावायचं. मग थांबायचं. बोट लावून बघायचं. बोटाला चिकटेनासं झालं, की मग चिकटवायचं."

बाइंडरने त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे, चिकटेनासं झाल्यावर चिकटवायचं?"

"हो."

त्याची नजर चष्म्याच्या त्या दोऱ्याकडे गेली. जिला स्वतःच्या चष्म्याची काडी चिकटवता आली नाही, ती बाई माझ्यासारख्याला चिकटवायला शिकवते! त्याला राग नाही आला, दया आली. तो हसून बरं म्हणाला, डबा आणि फोमचा तुकडा उचलला आणि घरी आला.

घरी आल्यावर त्याने सीट काढलं, पिना उचकटल्या, कव्हर बाजूला केलं, पत्र्यावरचा जुना फोम सोडवला. त्याच्या मधोमध खळगा पडला होता. नवा फोम त्याने मापात कापला, देवाचं नाव घेतलं आणि पुस्तकावर हात चालवायचा तसाच चालवला. सोल्युशन एकाच बाजूला, घसघशीत. ओलं आहे तोवर नवा फोम जुन्यावर ठेवला, इकडेतिकडे सरकवून कडेला कड जुळवली. मग हाडाची पट्टी घेऊन मधून बाहेर, मधून बाहेर असं घासत हवा काढायला लागला. हवा काढणं हा बाइंडिंगचा पहिला धर्म. पण फोममधून हवा काढली तर मागे उरणार काय, हा विचार काही त्याच्या मनाला शिवला नाही.

आणि दुसरा धर्म म्हणजे शिकंजा. पुस्तकं आवळायचा तो लोखंडी शिकंजा बाइंडरच्या वडिलांपासूनचा. दोन जाड फळ्या, वर स्क्रू, स्क्रूला आडवा दांडा. त्यात त्याने ते सीट ठेवलं आणि दांड्याला लोंबकळून असा आवळला, असा आवळला, की फळ्या कुरकुरल्या. मग हात धुतले आणि समाधानाने जेवायला गेला.

शनिवारी सकाळी बायको कामावर गेल्यावर त्याने शिकंजा उघडला.

चिकटलं होतं. त्यात खोट काढायला जागाच नव्हती. कुठे जुना संपतो आणि कुठे नवा सुरू होतो हे साक्षात विश्वकर्म्यालाही सांगता आलं नसतं. फक्त रबर सोल्युशन आतपर्यंत झिरपून दाबलेल्या अवस्थेतच सुकलं होतं, आणि दोन्ही फोम मिळून शाळेतल्या नकाशावहीएवढे जाड राहिले होते. वाजवलं तर टकटक वाजत होतं! पण हाताची सवय बघा. डोकं जागं व्हायच्या आत हाताने सुरी घेतली होती, चारही कडा काटकोनात छाटल्या होत्या आणि कोपरे काचकागदाने घासले होते. शीर्षक कुठलं द्यायचं म्हणून तो इकडेतिकडे बघायला लागला, तेव्हा कुठे त्याला आठवलं की हे पुस्तक नव्हे.

त्याने त्यावर बसून पाहिलं आणि तो लगेच उठला. पूर्वीच्या सीटवर निदान खळगा तरी मऊ होता.

आता रविवार उद्यावर आलेला. अभिमान गिळून तो कोपऱ्यावरच्या सीटवाल्याकडे गेला, तर कुलूप. तो कुटुंबकबिला घेऊन सासरवाडीला गेलेला. मग ते छाटलेलं सीट काखेत मारून तो दुकानवाल्या बाईंकडे गेला. बाईंनी ते हातात घेतलं, बोटांनी वाजवलं, कडांवरून हात फिरवला आणि कौतुकाने म्हणाल्या की छाटलंय मात्र सुरेख. मग विचारलं की हाताला चिकटत होतं तेव्हाच चिकटवलंत ना? बाइंडरने नुसता नवा फोम मागितला. फोम संपला होता, सोमवारी येणार होता. बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं आणि वर एक बजावलं, की एकदा टेकलं की टेकलं, हे सोल्युशन माणसाला दुसरा विचार करू देत नाही.

घरी येऊन बाइंडर सोफ्यावर डोकं धरून बसला. बसला आणि लगेच उठला. मग त्याने सोफ्याकडे नीट पाहिलं. खिडकीपाशी एक जाड, भरगच्च गादी होती. मेहुणा आला की नेहमी तिथेच बसायचा. बाइंडरला वाटलं, ज्याच्या गाडीमुळे ही वेळ आली त्याच्याच बुडाखालचा फोम कामी यावा, यात देवाची काहीतरी योजना असली पाहिजे. माणसाला स्वतःच्या सोयीची गोष्ट दिसली की त्याला देवाची योजना फार लवकर कळते! त्याने खोळ उसवली, फोम काढला आणि रिकाम्या खोळीत कागदाची कात्रणं गच्च भरून ती परत शिवून टाकली. दुकानात कात्रणांना काही तोटा नव्हता.

या वेळी त्याने बाईंचा शब्द न् शब्द पाळला. पत्र्याला पातळ, फोमला पातळ, आणि मग थांबायचं. थांबणं हे मात्र त्याला अजिबात जमेना. मनाला गुंतवायला त्याने नामस्मरण सुरू केलं. पण इतरांचं बोट मण्यावर असतं, याचं सोल्युशनवर! दर नामाला एक बोट, आणि जिथे बोट उचललं जाईल तिथे नवा ठसा. ठसा बुजवायला आणखी थोडं लावायचं, म्हणजे पुन्हा वाट बघायची. शेवटी त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि डोळे मिटून खुर्चीत बसला. डोळे उघडले तेव्हा खरंच, बोटाला काही लागेना.

त्याने फोम उचलला, अंदाजाने वर धरला आणि एक कोपरा टेकवला. आता सरकवून कड जुळवू, असं म्हणून तो सरकवायला गेला.

सरकेना.

खळीला दया असते. ती माणसाला चुकू देते, सुधारू देते, वर मायेने धरूनही ठेवते. हे सोल्युशन म्हणजे रागीट ऋषी, तोंडातून निघालं ते निघालं! फोमचा कोपरा जिथे टेकला तिथेच रुतला. बाइंडरने ओढला तर फोम फाटायला लागला. मग त्याने हात जोडले आणि उरलेला जसा जाईल तसा जाऊ दिला. सीट झालं. मऊ झालं, अगदी लोण्यासारखं. फक्त उजवीकडे उंच आणि डावीकडे उतरतं, एखाद्या पत्र्याच्या छपरासारखं.

जुनं कव्हर त्या उंचीला पुरेना. म्हणून त्याने बाइंडिंगचं तांबडं रेक्झीन घेतलं, आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने असं पक्कं शिवलं की शंभर वर्षं उसवू नये. गडबडीत एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. तो तुकडा कुठल्याशा वाचनालयाच्या कामातला उरलेला होता आणि त्यावर सोनेरी अक्षरं आधीच उठवलेली होती.

संध्याकाळी बायको घरी आली. तिने मोटारसायकलभोवती एक फेरी मारली. सीटच्या मागच्या कडेशी वाकली आणि मोठ्याने वाचलं, "खंड दुसरा." मग सरळ उभी राहून तिने विचारलं, "आणि खंड पहिला कोण?"

"मी," बाइंडर म्हणाला. "मी पुढे बसतो ना."

ती दाराच्या चौकटीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. बोटं पिवळी, त्यातली दोन एकमेकांना चिकटलेली. तिने तेलाची वाटी आणली, त्याच्यासमोर बसली आणि एकेक बोट चोळून सोडवायला लागली.

"एवढं सगळं माझ्या पाठीसाठी केलंत?" तिने विचारलं.

तो हो म्हणाला. ती नुसती एकाच अंगठ्याला पुन्हा पुन्हा तेल लावत राहिली. बाइंडरला वाटलं, भरून आलंय तिला.

रविवारी सकाळी मेहुणा पलीकडच्या गल्लीतून चालत आला; त्याच्याकडे जागा नाही म्हणून गाडी यांच्याच फाटकापाशी उभी असायची. चांगला उंचापुरा, भरघोस मिशांचा गृहस्थ. कचेरीत त्याच्या हाताखाली बरीच माणसं होती आणि तो खाकरला तरी ती उभी राहत. तो नेहमीप्रमाणे खिडकीपाशी जाऊन सोफ्यावर बसला. सुक्या पाल्यात बैल शिरावा तसा आवाज झाला, आणि मेहुणा खाली, खाली, आणखी खाली गेला. गुडघे हनुवटीला लागले तेव्हा थांबला. पण संस्कारी माणूस! बहिणीच्या घरच्या सोफ्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. त्याच अवस्थेत त्याने हवापाण्याची चौकशी केली, पाणी प्यायला, आणि निघायची वेळ झाली तेव्हा हात पुढे केला. बाइंडरने त्याला विहिरीतून काढावं तसा बाहेर काढला.

फाटकापाशी बाइंडरने मोटारसायकल सुरू केली. बायको येऊन मागे बसली. सीट डावीकडे कललेलं, म्हणून तिने त्याचा खांदा धरला. कित्येक रविवारांनंतर त्या खांद्यावर तो हात आला होता. बाइंडरने मनातल्या मनात देवाला नमस्कार केला.

गाडीची किल्ली हातात घेऊन मेहुणा बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "म्हणजे मी एकटा?"

ती म्हणाली की रस्ता तर तुझ्या ओळखीचाच आहे. मेहुणा मान हलवून गाडीत बसला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा उडी मारली, पुन्हा बंद. मेहुण्याने दोन्ही तळहात पँटीला पुसले, आरशात पाहिलं, दुसऱ्या आरशात पाहिलं, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी आईचा हात सुटलेल्या पोरासारखा चेहरा करून तो समोर बघत राहिला. मिशा तेवढ्या थोरल्या माणसाच्या.

बायको मोटारसायकलवरून उतरली. बाइंडरच्या पुढे येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, माझ्या पाठीला काही झालेलं नाही."

बाइंडरला कळेना.

"त्याला एकट्याला गाडी चालवायची भीती वाटते. हात कापतात त्याचे. मी शेजारी बसून नुसतं म्हणत असते, जागा आहे, घे पुढे, आता वळ. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय त्याने. तुमच्यासमोर तर फारच लाजतो."

"आणि सीट?"

"काहीतरी कारण पाहिजे होतं ना."

बाइंडरच्या डोळ्यांपुढून सगळं सरकलं. शिकंजा, नकाशावही, मेहुण्याच्या बुडाखालची कात्रणं. इतक्या रविवारी काचेतून हलताना दिसणारा तो अंबाडा. म्हणजे ती गप्पा मारत नव्हती, गाडी चालवत होती! एखाद्याला राग आला असता. बाइंडरलाही यायला निघाला होता, पण त्याने गाडीकडे पाहिलं. मेहुणा घाम पुसत होता आणि आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं स्वतःला पटवत होता. भीती ही फार एकटी गोष्ट आहे. ती ज्याच्या मिशा मोठ्या त्याला जास्त जड जाते, कारण त्याला ती कुठे खाली ठेवता येत नाही. बाइंडरचा राग वाटेतच विरघळला.

"जा," तो म्हणाला. "बस त्याच्या शेजारी. मी येतो मागून."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्या तांबड्या, तिरक्या सीटकडे पाहिलं. मग ती तरातरा गाडीपाशी गेली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं भावाला म्हणाली की भाऊजींनी एवढं हौसेने सीट केलंय, आज मला त्यावर बसलंच पाहिजे, नाहीतर आठवडाभर जेवणार नाहीत ते. तू आपला आमच्या मागे मागे ये, आम्हाला सोबत होईल.

"तुम्हाला सोबत म्हणून येतो," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजाला पुन्हा कचेरीतला भारदस्तपणा आला.

बाइंडरजवळ येऊन ती म्हणाली, "हळू चालवा. वळायच्या आधी बराच वेळ दिवा दाखवा." आणि मागे बसली, एका बाजूला दोन्ही पाय करून, मान मागे वळवून.

वरात निघाली. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. मग दुसरा गेला. त्याच्या मागे दूधवाल्याची किटल्या लावलेली सायकल गेली आणि दूधवाला वळून वळून बघत राहिला. बायकोचा एक हात बाइंडरच्या खांद्यावर आणि दुसरा हवेत. तळहात उभा म्हणजे थांब, आडवा म्हणजे सावकाश, बोटं हलवली म्हणजे ये, ये, जागा आहे. चौकातला वाहतूक पोलीस हात खाली घेऊन कौतुकाने बघत राहिला. मागून मेहुणा डोळे विस्फारून त्या हातामागे येत होता. नदीचा पूल आला, गेला. गाडी एकदाही बंद पडली नाही.

बाइंडर मात्र वाट बघत होता. आठवडाभराच्या बातम्या राहू देत, निदान एक शब्द. मऊ आहे, एवढंच म्हणाली तरी चाललं असतं. तिरकं आहे म्हणाली असती तरी त्याने ऐकून घेतलं असतं. पुलापलीकडे त्याला राहवेना. मान किंचित मागे करून त्याने विचारलं, "सीट कसं वाटतंय गं?"

तिचा हवेतला हात आडवा झाला. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"कुठलं सीट?" ती मागे बघत म्हणाली. "हळू घ्या हो, तो मागे राहिलाय."

बाइंडरने हळू घेतलं.